अडत्यावाचून पडदा



वसंत व्याख्यानमालेची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने पुण्यात तिचा आरंभ झाला आणि पुढे ती गावोगाव रुजली. दिवसभराचे ऊन सोसून लोकांनी संध्याकाळी एकत्र बसावे आणि कोणी तरी त्यांना त्यांच्या रोजच्या व्यवहारापलीकडचे चार शब्द सांगावेत, असा तिचा परिपाठ आहे. माझा आजचा विषय मात्र व्यवहारापलीकडचा नाही. पत्रिकेत तो असा छापला आहे : ‘लिनक्सवर पडदा-व्यवस्थापकावाचून चालणारे हलके चित्रमय कार्यक्रम’. ते वाचून एक गृहस्थ मघाशी मला म्हणाले, “साहेब, याच्यातला एक पडदा तेवढा समजला.” मी त्यांना म्हटले, तेवढा पुरे आहे. आज बोलायचे आहे ते पडद्याविषयीच.

आधी एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी वऱ्हाडातल्याच एका बाजारपेठेत मी धान्याच्या काट्यापाशी उभा होतो. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. काट्याशेजारी एक संगणक मांडला होता. त्याचे काम मोजके होते. काट्याकडून तारेने येणारा आकडा मोठ्या अक्षरांत दाखवायचा, शेतकऱ्याचे नाव, माल आणि पोत्यांची संख्या लिहून घ्यायची आणि पट्टी छापायची. सोयाबीनचे दिवस होते, गाड्यांची रांग लागली होती, आणि नेहमीप्रमाणे वीज गेली. थोड्या वेळाने ती आली. काटा तत्काळ जागा झाला आणि आकडा दाखवू लागला. संगणक मात्र सावकाश उठला. आधी कारखान्याचे बोधचिन्ह आले, मग डोंगर आणि तळ्याचे एक सुंदर चित्र आले, मग कोपऱ्यात घड्याळ आले, मग ‘नवी आवृत्ती आली आहे, बसवू का?’ अशी पृच्छा झाली, आणि या सगळ्यानंतर आपला वजनाचा कार्यक्रम उघडला. तोवर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची विडी ओढून संपली होती. तो म्हणाला, “वजन तं काट्यानं कवाच केलं, मंग हे पेटी कायचा इचार करून राह्यली?”

बंधूंनो, या प्रश्नाला त्या वेळी माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजचे व्याख्यान म्हणजे त्याचे उत्तर आहे.

ती पेटी कशाचा विचार करत होती? घरच्या किंवा कचेरीतल्या संगणकावर एका वेळी पाच-दहा कार्यक्रम चालू असतात. एकात पत्र लिहिलेले असते, दुसऱ्यात हिशेब, तिसऱ्यात गाणे. पडदा मात्र एकच. त्यावर कोणी कुठे बसावे, कोणाची खिडकी कोणाच्या वर यावी, दाबलेली कळ कोणाला पोचवावी, हा तंटा सोडविणारा कोणी तरी लागतो. त्याला संगणकाच्या परिभाषेत डिस्प्ले सर्व्हर म्हणतात. आपण पडदा-व्यवस्थापक म्हणू. लिनक्सच्या जगात हे काम दीर्घकाळ ‘एक्स’ नावाच्या व्यवस्थेने केले. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९८४ साली ती जन्मली आणि १९८७ साली तिची अकरावी आवृत्ती निघाली. त्या आवृत्तीचे घराणे अजून नांदते आहे. २००८ साली क्रिस्टियन ह्योग्सबर्ग यांनी ‘वेलँड’ नावाची नवी व्यवस्था आरंभिली आणि आता बहुतेक ठिकाणी तीच पुढे होत आहे. या व्यवस्थापकाच्या वर पुन्हा खिडक्यांची सजावट करणारा, पट्टी दाखविणारा, सूचना देणारा, चित्र लावणारा असा लवाजमा असतो. त्या काट्याजवळची पेटी वीज आल्याबरोबर हा सगळा लवाजमा उभा करत होती, आणि तो उभा करत होती एका कार्यक्रमासाठी!

तुम्ही बाजाराच्या गावची माणसे आहात. अनसिंगचा भाव वाशीमच्या भावाशेजारी रोज छापून येतो. म्हणून तुमच्याच व्यवहारातला दाखला देतो. पडदा-व्यवस्थापक हा अडत्या आहे. शंभर शेतकरी आणि दहा खरेदीदार असले की अडत्या उपयोगी पडतो. तो माल मांडतो, लिलाव चालवितो, पैशाची हमी घेतो. त्याबद्दल अडत घेतो. संगणकातली अडत म्हणजे वेळ, स्मृती आणि वीज. पण जिथे एकच शेतकरी आहे आणि एकच गिऱ्हाईक आहे, दोघे समोरासमोर बसले आहेत, तिथे अडत्या कशाला? काट्याजवळच्या त्या पेटीत कार्यक्रम एक आणि पडदा एक. त्यांनी थेट व्यवहार करावा की नाही? करता येतो. तो कसा, हे मी आता सांगणार आहे. आणि अडत्या काढला की त्याची कोणती कामे आपल्या अंगावर पडतात, हेही सांगणार आहे. ही दुसरी गोष्ट उत्साहाच्या भरात सांगायची राहून जाते, आणि पुढे तीच भोवते.

पडदा म्हणजे काय ते प्रथम पाहू. पडदा म्हणजे ठिपक्यांचा पट. काट्याजवळ ठेवतात तसा एखादा लहान पडदा घ्या : आडवे ८०० ठिपके आणि उभे ४८०. म्हणजे एकूण ३,८४,००० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहिण्यास ४ बाइट जागा धरली तर १५,३६,००० बाइट होतात. संगणकाच्या स्मृतीत एवढी एक सलग पाटी असते. तिच्यावर जो आकडा लिहाल तो रंग होऊन पडद्यावर उमटतो. गूढ ते एवढेच. खिडक्या, बटणे, सावल्या, अक्षरे हे सगळे शेवटी या पाटीवर आकडे लिहिण्याचेच प्रकार आहेत.

लिनक्सचा एक गुण असा, की यंत्राचे भाग तो फाइलींच्या रूपाने आपल्यापुढे ठेवतो. पडद्याची ही पाटीही त्याने एका फाइलीच्या रूपाने ठेवली. तिला फ्रेमबफर म्हणतात. तिचा उगम मोठा मौजेचा आहे. साध्या पीसीला नुसती अक्षरे दाखविण्याची सोय जन्मतःच होती. ठिपक्यांची पाटी नसली तरी तिचे अडत नसे. पण लिनक्स जेव्हा अमिगा, अटारी अशा मोटोरोला ६८००० जातीच्या यंत्रांवर नेला गेला, तेव्हा त्या यंत्रांना अक्षरांचा असा वेगळा पडदाच नव्हता. तिथे एक अक्षर दाखवायचे तरी ते ठिपक्यांनी काढावे लागे. म्हणून ही पाटी उघडी करण्याची सोय झाली, आणि १९९९ च्या जानेवारीत निघालेल्या २.२ या आवृत्तीपर्यंत ती सगळ्यांसाठी रूढ झाली. गरिबाच्या घरची सोय पुढे श्रीमंताच्या उपयोगी पडावी, तसा हा प्रकार.

पुढे २००९ च्या मार्चमध्ये निघालेल्या २.६.२९ या आवृत्तीत केएमएस नावाची अधिक चोख व्यवस्था आली. पडद्याचे माप ठरविणे, कोणत्या तोंडाला कोणता पडदा जोडला आहे ते पाहणे, ही कामे तिने व्यवस्थापकाकडून काढून लिनक्सच्या गाभ्याकडे दिली. आजचे नवे ड्रायव्हर याच मार्गाने लिहितात. फ्रेमबफरची जुनी फाईल बहुतेक ठिकाणी मागल्या कार्यक्रमांसाठी राखून ठेवलेली आहे. तेव्हा आज नवे काम आरंभणाऱ्याने केएमएसचाच रस्ता धरावा.

हा रस्ता कसा चालतो? कार्यक्रम प्रथम पडद्याच्या यंत्राची फाईल उघडतो. विचारतो, ‘कोणते पडदे जोडलेले आहेत?’ उत्तर येते. मग विचारतो, ‘याला कोणती मापे चालतात?’ त्यातले एक निवडतो. मग त्या मापाची एक पाटी मागून घेतो, ती स्वतःच्या स्मृतीत जोडून घेतो, तिच्यावर चित्र काढतो आणि म्हणतो, ‘आता ही दाखव.’ पाच पावलांत काम झाले. शहाणा कारागीर पाट्या मात्र दोन घेतो. एक लोकांसमोर असते, दुसरीवर तो आत लिहीत असतो. लिहून झाले की पडद्याच्या दोन फेऱ्यांमधल्या क्षणी त्यांची अदलाबदल करतो. एकाच पाटीवर लोकांदेखत पुसणे-लिहिणे केले तर आकडा वर जुना आणि खाली नवा असा फाटका दिसतो. वजनाच्या कामात ते बरे नव्हे.

येथे एक काटकसरीचा हिशेब सांगतो. सगळा पडदा सेकंदास ६० वेळा नव्याने काढायचा म्हटले तर ९,२१,६०,००० बाइट दर सेकंदाला लिहावे लागतील. पण वजनाच्या पडद्यावर बदलते काय? नाव तेच, माल तोच. बदलतो तो आकडा. तो जर २०० गुणिले ८० ठिपक्यांच्या चौकटीत बसत असेल तर ६४,००० बाइटच पुन्हा लिहायचे, म्हणजे पडद्याचा चोविसावा भाग. तोही आकडा बदलला तरच. लहान यंत्रावर वेगाने चालणाऱ्या कार्यक्रमाची पहिली खूबी ही. जे बदलले नाही त्याला हात लावू नये. आपल्या आया घर सारवताना जिथे उखडले आहे तिथेच आधी हात फिरवीत; त्यांना हे कोणी शिकविले नव्हते.

ही काही पुस्तकी कल्पना आहे असे समजू नका. लिनक्सचा संगणक चालू करताना पडद्यावर जे चिन्ह फिरताना दिसते, ते बहुधा कोणताही व्यवस्थापक जागा होण्यापूर्वी थेट याच मार्गाने काढलेले असते. शार्प कंपनीचे झॉरस नावाचे खिशातले लिनक्स यंत्र २००१-०२ च्या सुमारास निघाले, तेही एक्सवाचून थेट पाटीवरच लिहीत असे. आणि आज हे काम करू इच्छिणाऱ्याने सगळे हाताने लिहावे असेही नाही. बटणे, याद्या, तक्ते तयार देणारे साधनसंच आहेत. हंगेरीतून आलेला एलव्हीजीएल हा अगदी लहान यंत्रांसाठी बेतलेला आहे. क्यूटी हा मोठा आणि सर्वांगपूर्ण आहे. एसडीएल हा खेळ लिहिणाऱ्यांचा आवडता आहे. तिन्हींना व्यवस्थापकावाचून थेट पडद्यावर लिहिता येते.

आता अडत्याची कामे आपल्या अंगावर कशी येतात ते पाहू.

पहिले काम कळफलकाचे. व्यवस्थापक असताना कळ दाबली की कार्यक्रमाला अक्षर मिळते. तो नसला की गाभा फक्त एवढेच सांगतो : ‘३० क्रमांकाची कळ खाली गेली, ३० क्रमांकाची कळ वर आली.’ ही ३० क्रमांकाची कळ म्हणजे इंग्रजी फलकावरचे ‘ए’. पण आपल्या इन्स्क्रिप्ट फलकावर तिथे ओकाराची मात्रा आहे. क्रमांकावरून अक्षर कोणते, हे ठरविणे आता आपले काम झाले. त्यासाठीही तयार ग्रंथालये आहेत, पण ती आठवणीने जोडावी लागतात. बोटाने चालणारा पडदा असेल तर बोट जिथे टेकले तिथेच बटण आहे ना, याचा मेळ आपणच घालायचा.

दुसरे काम आवरासावरीचे. थेट व्यवहार करणारा कार्यक्रम मधेच कोलमडला तर पडद्यावर शेवटचे चित्र तसेच गोठून राहू शकते आणि कळफलक मुका वाटतो. काट्यावरचा माणूस समजतो की यंत्र बिघडले. म्हणून जाताना पडदा पूर्वस्थितीला आणून ठेवणे, पडलेला कार्यक्रम आपोआप पुन्हा उठविणारा राखणदार नेमणे, आणि दुसऱ्या यंत्रावरून तारेने आत शिरण्याची एक मागली खिडकी उघडी ठेवणे, ही तीन पथ्ये पाळावीत. शिवाय अशा कार्यक्रमाला यंत्राची सगळी मालकी देऊन टाकू नये. पडद्यापुरती आणि कळांपुरती मुभा दिली की पुरे. घरात आलेल्या सुताराला दाराची किल्ली देतात, तिजोरीची देत नाहीत.

तिसरे काम अक्षरांचे. इथे मला थोडे थांबावे लागेल, कारण इथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे.

त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नाने मला झोप लागेना. मी एक जुना संगणक घेतला, त्यावरचा लवाजमा काढून टाकला आणि थेट पडद्यावर लिहिणारा वजनाचा छोटा कार्यक्रम केला. यंत्र झटक्यात उठू लागले. मला धन्यता वाटली. मोठ्या हौसेने मी ते एका ओळखीच्या अडत दुकानात नेऊन मांडले. आकडा आला, आणि आकड्यापुढे मी लिहिलेला शब्द आला : क्विंटल. निदान मला तो यायला हवा होता. पडद्यावर आले ते असे : आधी ‘क’, त्याच्या पायाशी तुटका हलन्त, मग सुटा ‘व’, आणि त्याची पहिली वेलांटी पुढे घसरून ‘ट’च्या डोक्यावर बसलेली. दुकानातल्या हमालाने ते मोठ्याने वाचून दाखविले, “क्, व, टिल.” सगळे हसले. मीही हसलो; पण घरी येताना हसू आले नाही.

असे का झाले? मराठी लिहिताना आपण ‘वि’ असे लिहितो, तेव्हा संगणकाच्या स्मृतीत आधी ‘व’ जातो आणि मग वेलांटी. कारण उच्चार तसा आहे. पडद्यावर मात्र वेलांटी आधी काढावी लागते. ‘क्’ आणि ‘व’ यांचे जोडाक्षर करायचे, अनुस्वार नेमक्या जागी बसवायचा, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर न्यायचा. इंग्रजी अक्षरे खिळ्यांसारखी एकापुढे एक ठोकली की झाले. देवनागरी तशी नाही. तिच्यात अक्षरे एकमेकांचा हात धरून उभी राहतात. हे बसविण्याचे काम खिडक्यांच्या जगात मुकाट्याने कोणी तरी करत होते. मी त्या सगळ्यांनाच घरी पाठविले होते!

हे काम करणारे कसबी कारागीर स्वतंत्रपणे मिळतात. फ्रीटाइप नावाचे ग्रंथालय अक्षराचा आकार ठिपक्यांत उतरवते. हार्फबझ नावाचे ग्रंथालय कोणते अक्षर कुठे आणि कोणत्या रूपात बसावे हे ठरविते. त्याचे कर्ते बेहदाद एस्फहबोद हे मूळचे इराणी. त्यांच्या भाषेतही अक्षरे हात धरूनच उभी राहतात, तेव्हा दुखणे त्यांना ठाऊक होते. आणि मुक्त परवान्याचा ‘लोहित’ हा देवनागरी टंक पुण्यातल्या रेड हॅटच्या मंडळींनी अनेक वर्षे सांभाळला. हे तिघे माझ्या कार्यक्रमात आणून बसविले तेव्हा ‘क्विंटल’ उभा राहिला.

तरीही एक परीक्षा उरली होती. पट्टीवर ‘शेतकऱ्याचे नाव’ असे लिहायचे असते. या ‘ऱ्या’तला अर्धा र डोक्यावरचा रफार नव्हे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या खोल जागा; हा भेद आपण एका लहानशा रेघेने करतो. हिंदीला त्याची गरज पडत नाही, म्हणून ज्याने फक्त हिंदी डोळ्यांपुढे ठेवून व्यवस्था केली, त्याच्याकडून हे सुटते. तुम्हांला एखाद्या यंत्राची मराठी पारखायची असेल तर त्याला तीन शब्द लिहायला सांगा : क्विंटल, शेतकऱ्याचे, आणि वऱ्हाड. ज्या यंत्राला आपल्या प्रांताचे नाव धड लिहिता येत नाही, ते आपल्या बाजारात कशाला मांडावे?

ही अडचण मला पहिल्यांदा आली असे नाही. आपल्याच लोकांनी तिला फार पूर्वी तोंड दिले आहे. १९८० नंतरच्या दशकात कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जिस्ट’ नावाचे तंत्र उभे केले, आणि १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाल्यावर ते तिथे वाढले. त्या संस्थेचे पहिले संचालक विजय भटकर हे आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातले, मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावचे. जिस्टचे एक कार्ड पीसीच्या खाचेत बसवीत. तेव्हा खिडक्या नव्हत्या, डॉसचा काळा पडदा होता. कार्यक्रम आपला समजे की आपण साधी अक्षरे लिहीत आहोत. कार्ड ती मधे उचलून घेई, त्यांची जोडाक्षरे बांधी आणि देवनागरी किंवा दुसरी भारतीय लिपी पडद्यावर उमटवी. इंग्रजीसाठी लिहिलेल्या हिशेबाच्या कार्यक्रमांत मराठी नावे भरता येऊ लागली. पडदा-व्यवस्थापकाची मदत न घेता मराठी पडद्यावर आणण्याचे काम आपल्या माणसांनी त्या काळातच करून दाखविले होते.

दुसरे उदाहरण डेबियनचे. डेबियन ही लिनक्सची एक नामांकित मुक्त आवृत्ती. ती यंत्रावर चढविणारा जो कार्यक्रम असतो तो आधी नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर चाले. त्या पडद्याला फार तर ५१२ आकृत्या ठाऊक असतात, आणि प्रत्येक अक्षराला एक ठराविक चौकट. देवनागरी त्यात मावत नाही. म्हणून २००७ च्या एप्रिलमध्ये निघालेल्या ४.० आवृत्तीत चित्रमय स्थापक आला. तो एक्सवाचून, डायरेक्टएफबी नावाच्या मार्गाने थेट पाटीवर लिहीत असे. हिंदीसारख्या भाषांना त्याने दार उघडले आणि पुढे मराठीही त्या दाराने आत आली. पण गोष्ट इथे संपत नाही. २०११ च्या फेब्रुवारीत निघालेल्या ६.० आवृत्तीत त्याच मंडळींनी तो मार्ग सोडला आणि स्थापक पुन्हा एक्सवर नेला. थेट मार्ग काही खोटा ठरला नव्हता; पण त्याची देखभाल करणारी माणसे थोडी होती, आणि एक्सच्या मागे मोठा परिवार होता. अडत्या काढताना त्याची कामे वर्षानुवर्षे कोण करणार, हा प्रश्न आधी विचारावा लागतो, तो असा.

तेव्हा थेट व्यवहार केव्हा करावा आणि केव्हा करू नये? यंत्राला एकच काम असेल, पडदा एकाच कार्यक्रमाचा असेल, वीज वारंवार जात असेल, यंत्र जुने किंवा अल्प स्मृतीचे असेल, तर जरूर करावा. काट्याचा पडदा, दूध-संकलनाचा पडदा, ग्रंथालयातली पुस्तके शोधण्याची पेटी, दवाखान्यात क्रमांक पुकारणारी पाटी, बसस्थानकावरचा वेळापत्रकाचा फलक ही अशी कामे. पण ज्याला न्याहाळक लागतो, पत्रे लिहायची असतात, दहा कार्यक्रम एकदम उघडायचे असतात, त्याने हा हट्ट धरू नये. त्याला अडत्या हवाच. आणि मधलाही एक मार्ग आहे. ‘केज’ नावाचा वेलँडचा एक चिमुकला व्यवस्थापक आहे. तो एकच कार्यक्रम पूर्ण पडद्यावर दाखवितो, दुसरे काही करत नाही. कळा आणि पडदा तो सांभाळतो, लवाजमा मात्र आणत नाही. नवशिक्याने तिथून आरंभ केला तरी कमीपणा नाही.

कोणी विचारील, एवढी यातायात कशासाठी? नवे वेगवान यंत्र घेतले की झाले! ज्याला परवडते त्याने घ्यावे. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. शाळा, ग्रंथालये, सोसायट्या यांच्याकडची कितीतरी धडधाकट यंत्रे त्यामुळे एका दिवसात म्हातारी ठरली. त्यांची हाडे शाबूत आहेत. ओझे मात्र त्यांना पेलत नाही. २०१२ साली निघालेल्या रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकात आरंभी अवघी २५६ मेगाबाइट स्मृती होती. आपली अडगळीत पडलेली बहुतेक यंत्रे त्याहून सशक्त आहेत. ओझे उतरविले तर ती एकेक काम चोखपणे करतील.

आणि त्याहून मोठी गोष्ट अशी, की ज्याला पाटीवरचा ठिपका कळला त्याला यंत्र कळले. आपल्या तालुक्यातली मुले आज यंत्र वापरायला शिकतात. कोणते बटण कुठे आहे ते पाठ करतात. बटण जागा बदलते आणि विद्या वाया जाते. पण पाच पावलांत पडदा उघडून त्यावर स्वतःच्या हाताने एक रेघ काढणारा मुलगा किंवा मुलगी यंत्राला घाबरत नाही. उद्या काट्याचा पडदा मराठीत हवा असेल तर तो शहरातून विकत आणावा लागू नये, तो इथे लिहिला जावा. वजनाचा अधिकार मुद्रांकित काट्याचाच राहील. आपला पडदा फक्त त्याचा आकडा शेतकऱ्याला समजेल असा मोठ्याने सांगणारा. पण ज्याच्या घामाचे पोते काट्यावर चढले आहे त्याला स्वतःचा आकडा, स्वतःच्या भाषेत, शुद्ध अक्षरांत, वेळेवर दिसावा, हे मागणे काही जास्त नाही.

त्या म्हाताऱ्याचे ऋण माझ्यावर आहे. दोन वर्षांनी मी पुन्हा त्याच बाजारात गेलो तेव्हा आमचा छोटा कार्यक्रम एका काट्यावर चालू होता. वीज गेली, आली. काट्याबरोबरच पडदाही जागा झाला आणि त्यावर ‘शेतकऱ्याचे नाव’ ही अक्षरे नीट उभी राहिली. म्हातारा त्या दिवशी तिथे नव्हता. रांगेतल्या लोकांनी पडद्याकडे पाहिले, आकडा वाचला आणि पोती उचलायला लागले. कोणी माझे कौतुक केले नाही. यंत्राकडे कोणाचे लक्षच गेले नाही, आणि मला वाटते, चांगल्या यंत्राची खूण तीच.